निरंक

माझ्या खुर्चीवरून माणसं दिसत नाहीत.
पट्ट्यावरून बॅगा येतात
आणि पडद्यावर उघड्या होतात, कुलपं तशीच लागलेली.
लोखंड निळं. कापड, साबण, भाकरी, कागद,
सगळं नारिंगी.

आठ वर्षं झाली चिकलठाण्याला.
वाटीत ठेवलेल्या कवळ्या पाहिल्या,
मोज्यात कोंबलेलं डोरलं,
एका साहेबाच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध
लहान मुलाचा खुळखुळा. एकच.
विचारायचं नसतं.
ट्रेनिंगला सरांनी फळ्यावर लिहिलं होतं :
धोका बघा, माणूस बघू नका.
खाली दोन रेघा मारल्या आणि चहाला गेले.

घरी माझी पर्स कुणीही उघडतं.
सासूबाई सुट्टे घेतात, पोरगं पेन,
नवरा काय शोधतो त्यालाच ठाऊक.
मी काही म्हणत नाही.
डबा काढते, धुते.

मंगळवारी, संध्याकाळच्या हैदराबादला,
एक बॅग आली आणि माझं बोट बटणावर थांबलं.
गर्द निळं काहीतरी, मान वाकडी करून निजलेलं.
शिलाई मशीनचं मुंडकं होतं ते.
सुईसकट.
भोवती नारिंगी थोडंच, दोन साड्या असतील नसतील.
बॉबिन मी उगाच मोजले. अकरा.
कडेला कागदांचा चपटा थर,
आणि कोपऱ्यात चार वाट्या, गोल, घट्ट.

कुणाची बॅग, म्हणून मान वर केली.
पलीकडं उज्ज्वला तौर.
मुकुंदवाडीतली, आमच्या मागच्या गल्लीतली.
या युनिफॉर्मची बाही तिनंच आत घेतलीय.
परवा नळावर म्हणाली होती,
मामेबहिणीच्या पोरीचं बारसं आहे,
तीन दिवसांत माघारी.

तीन दिवसांच्या बारशाला
कुणी मशीनचं मुंडकं नेत नाही.

मशीनला बंदी नाही.
निघून जायलाही नाही, निदान आमच्या यादीत तरी.
बंदी आहे सुक्या खोबऱ्याला. तेल असतं, पेट घेतं म्हणतात.
येसर करायला घेतलं असेल तिनं.
त्यासाठी बॅग उघडायची, टेबलावर, सगळ्यांच्या देखत.

आणि टेबलापासून दोन हातांवर
बॅगांना पट्टी मारणारा परमेश्वर. तिचा दीर.
त्यानंच ती उचलून पट्ट्यावर ठेवली होती :
"दगडं भरली का काय वहिनी?"

टेबल फिरवता येत नाही.
मग मीच फिरले, त्याच्याकडं पाठ केली.
घरात जिला सगळे हसतात ती ही माझी रुंद पाठ.
चेन वीतभर उघडली.
"खोबरं आहे?"
उज्ज्वलानं पाहिलं. ओठ हलले नाहीत.
हात आत घातला.
थंड लोखंडाला लागला, पुठ्ठ्याला लागला,
बोटांना डोळे नसतात, असं मी बोटांना बजावलं.
चार वाट्या काढल्या. चेन ओढली.

"काय निघालं वहिनीच्या बॅगेत?"
"खोबरं."
"बायांचं काही खरं नाही," परमेश्वर हसला,
आणि बॅग जवळ ओढून
पिवळी पट्टी मारली, करकचून, दोनदा.
आता हैदराबादपर्यंत ती कुणाला उघडता येणार नव्हती.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं :
सुके खोबरे, नग चार.
इतर : निरंक.
पहिल्यांदाच या शब्दाखाली
दोन रेघा माराव्याशा वाटल्या. मारल्या नाहीत.

परमेश्वर आता माझ्याशी बोलत नाही. पट्ट्या मारतो.

आज आठव्या दिवशी नळाला पाणी आलं.
बाया सरकून जवळ आल्या :
"तू तर तिथंच असतीस की गं.
तुला सगळं दिसतं म्हणतात.
काय काय नेलं तिनं?"

मी हंडा नळाखाली सरकवला.
रिकाम्या हंड्यात पाणी पडताना
काही म्हणजे काही ऐकू येत नाही.